मास्तरांचा अंगठा

१

फोन झकास दुरुस्त झाला होता. पडद्याला अशी चमक की त्यात बघून भांग पाडावा. आणि त्या चमचमत्या पडद्यावर तो फोन जगातल्या झाडून साऱ्या भाषांत आळीपाळीने नमस्कार म्हणत होता. नव्या फोनने असा नमस्कार घातला तर माणूस हरखून जातो. पाच वर्षं वापरलेल्या फोनने घातला, तर त्याचा अर्थ एकच असतो. तो आपल्याला पार विसरलेला असतो.

काउंटरपाशी उभ्या असलेल्या बाईच्या हे ध्यानात यायला थोडा वेळ लागला. ती भर उन्हातून तशीच धावत आली होती आणि अजून रुमालाने मान पुसत होती. तिने फोन हलवून पाहिला, बटण दाबलं, बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा नमस्कार. मग तिने अगदी हळू विचारलं, "यातलं आईचं बोलणं कुठे गेलं?"

दुकानात तेव्हा तिघं जण होती आणि तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं. काउंटर सांभाळायच्या त्या वहिनी. खरं तर मालकांच्या थोरल्या भावाची बायको, पण सगळ्या गिऱ्हाइकांच्याही वहिनीच. मागच्या टेबलावर स्क्रू फिरवत बसायचा तो भिंग. कपाळावरचं भिंग तो जेवतानाही काढत नसे, त्यामुळे त्याचं खरं नाव बायकोखेरीज कोणाला आठवत नव्हतं. आणि तिसरे मालक, म्हणजे मास्तर. एके काळी ते फोनदुरुस्तीचा क्लास चालवायचे. गावातले निम्मे कारागीर त्यांच्या हाताखाली शिकलेले, म्हणून त्यांना मास्तर म्हणायचे. उरलेले निम्मे काय म्हणायचे ते सोडून द्या.

बाईने सांगितलं ते असं. तिच्या आईला गळ्याचा आजार. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढून टाकावं लागणार, हे महिनाभर आधी कळलेलं. तो महिनाभर आई रोज संध्याकाळी खिडकीत बसून या फोनशी बोलत राहिली. जुन्या गोष्टी, कोणत्या नातेवाइकाशी किती गोड वागायचं याच्या सूचना, पुढेमागे नातवंडं झालीच तर त्यांची गाणी, आणि मधूनमधून लेकीला मारलेल्या नुसत्याच हाका. इंटरनेटवर प्रत ठेवायला म्हातारी तयार नव्हती. आपल्या घरातलं बोलणं परक्याच्या कपाटात कशाला, असं तिचं म्हणणं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हा फोन लेकीच्याच हातून दवाखान्याच्या फरशीवर पडला. पडदा फुटला. लेक तो या दुकानात टाकून गेली. ऑपरेशन झालं, आवाज गेला, आणि आई उद्या घरी येणार होती.

"आल्या आल्या फोन मागेल," ती म्हणाली. "पडल्यापासून मला झोप नाही. म्हटलं, निदान पडदा तरी नवा करून देऊ."

मास्तरांनी एक गोष्ट केली, जी पुढे त्यांना फार दिवस छळणार होती. त्यांनी बोट वर करून भिंतीवरची पाटी दाखवली. फोनमधल्या मजकुराची जबाबदारी ग्राहकाची, असं त्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं.

बाईने पाटी वाचली. भांडली नाही, रडली नाही. फक्त स्वतःच्या फोनवरून कोणाला तरी म्हणाली, "मावशी, तू जरा इकडे ये."

ती बाहेर पायरीवर जाऊन बसली तशा वहिनी मास्तरांच्या कानाशी आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "भावोजी, हिची मावशी कोण ते ठाऊक आहे का? तक्रारमावशी. आता आपली धडगत नाही."

२

तक्रारमावशीने सगळी नोकरी एका घरगुती यंत्रांच्या कंपनीत, ग्राहकसेवेच्या फोनवर काढली होती. मिक्सर जळाला, फ्रिज गळला, इस्त्री चिकटली, सगळ्यांचे शिव्याशाप ऐकायला ही एकटी. ऐकता ऐकता तिला एक विद्या साधली होती. मिक्सर आपोआप जळाला म्हणणाऱ्याला ती शांतपणे विचारायची, की त्याच्या जरा आधी काय केलं होतंत? दोन मिनिटांत समोरचा कबूल व्हायचा, की झाकणाऐवजी ताटली ठेवली होती.

ती आली ती आरडाओरडा न करता. ठेंगणी, गोल चष्म्याची बाई. तिने स्टूल मागून घेतलं, भाचीला शेजारी बसवलं आणि स्वतःचा फोन वहिनींपुढे सरकवला. "बोलायच्या आधी हा जरा बघता का हो? टच मधेच अडकतो."

वहिनींनी फोन उचलला, त्यांची बोटं पडद्यावरून सरसर फिरली. "चालतोय की चांगला," म्हणून त्यांनी तो परत दिला.

मग प्रश्न सुरू झाले. फोन घेतला कोणी? वहिनींनी. तेव्हा चालू होता? होता, खालचा कोपरा फुटलेला, पण आत उजेड होता. कोड मागितलात? मागितला, पण ताई म्हणाल्या, आईने द्यायचा नाही म्हणून बजावलंय. मग? मग पडदा बाहेरून मागवावा लागला, त्यात आठवडा गेला. काल बसवला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. "आज काढून दिला. मधे मी त्याला हातसुद्धा लावलेला नाही," वहिनी म्हणाल्या, आणि हे वाक्य त्या जरा जास्तच जोरात म्हणाल्या.

चोराच्या मनात चांदणं, असं मास्तरांना वाटून गेलं. पण घरच्या माणसाला उघडं कसं पाडायचं? म्हणून त्यांनी विषय आपल्या हातात घेतला. त्यांनी मावशीला दुकानाची शिस्त समजावून सांगितली. हा नियम त्यांचा स्वतःचा होता, आणि क्लासमध्ये पहिल्याच दिवशी ते तो सगळ्यांकडून घोकून घ्यायचे: हात बदलला की बोटं फिरवा. म्हणजे फोन एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेला की घेणाऱ्याने पडदा तपासूनच घ्यायचा. मग कोणी म्हणायला नको की माझ्याकडे आला तेव्हाच बिघडलेला होता. या एका नियमामुळे दुकानात कधी भांडण झालं नाही, हे सांगताना त्यांची मान जरा ताठ झाली.

"वा," मावशी म्हणाली. "म्हणजे तुमच्याकडे कोणाचा कोणावर विश्वास नाही, आणि म्हणूनच सगळं सुरळीत चालतं."

मास्तर फडकं घेऊन काउंटरची काच पुसायला लागले.

मावशी मागच्या खोलीत गेली. भिंग मान खाली घालून बसला होता. तिने त्यालाही आपला फोन दिला, त्याचीही बोटं एकदा त्यावरून फिरली, आणि फोनला काही धाड भरलेली नाही असं त्यानेही सांगितलं. मग त्याने कामाचं सांगितलं. पडदा बसवला, डिंक वाळू दिला, फोन चालू केला. "नवा पडदा जरा रुसला होता. थोडं थांबा, थोडं थांबा, असं दाखवत होता. पहिल्या दिवशी होतं तसं. मग दिला मास्तरांकडे."

मावशीचं लक्ष शेजारच्या संगणकाकडे गेलं. पडद्याच्या कोपऱ्यात तुटलेल्या कुलपाचं एक चित्र होतं. "हे काय?"

भिंगाच्या तोंडचं पाणी पळालं. ते इंटरनेटवरून फुकट उतरवलेलं सॉफ्टवेअर होतं. कोणताही फोन कोडशिवाय उघडतो, असा त्याचा दावा. गेल्या वर्षी भिंगाने त्याच्या नादी लागून एका गिऱ्हाइकाचे लग्नाचे फोटो घालवले होते, आणि मास्तरांनी ते काढून टाकायला सांगितलेलं होतं.

"पण या फोनला लावलं नव्हतं," भिंग म्हणाला. "शपथेवर सांगतो."

मास्तर दारात उभे राहून ऐकत होते. ते सॉफ्टवेअर अजून तिथेच आहे, हे त्यांना आत्ताच कळत होतं.

३

मावशीने मास्तरांना एक साधं काम सांगितलं होतं. पडदा आल्याचं भाचीला कोणत्या दिवशी कळवलं, तेवढं दुकानाच्या फोनवर बघा. मास्तर काउंटरमागे आडोशाला गेले आणि निरोपांची यादी खालून वर सरकवू लागले.

दुकानाच्या नंबरावर दिवसभर निरोपांचा पाऊस असे. लिहिलेले निरोप मास्तर वाचत. बोललेले मात्र त्यांना सहन होत नसत. गिऱ्हाईक बोलायला लागलं की फोन हातातून कसा पडला इथपासून जावई किती बेपर्वा आहे इथपर्यंत जातं, हा त्यांचा अनुभव. कामाचं असेल तर माणूस लिहितोच, असं म्हणून ते बोललेला निरोप न ऐकताच त्याखाली उभा अंगठा पाठवून मोकळे होत. समोरच्यालाही बरं वाटे. निम्मं दुकान त्या अंगठ्यावर चाललं होतं.

तो फुटका फोन दुकानात आला त्याच दिवसाच्या संध्याकाळी एका अनोळखी नंबरावरून एक बोललेला निरोप आलेला होता. लांबलचक. खाली मास्तरांचा अंगठा.

एरवी त्यांनी तो सरकवला असता. पण तो दिवस, ती संध्याकाळ, आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यांनी आवाज बारीक करून फोन कानाला लावला.

बसका, खरखरीत, पण ठसक्यातला एका म्हातारीचा आवाज आला. "मी त्या फुटक्या फोनची मालकीण बोलतेय. सकाळी माझी लेक देऊन गेली ना, तो. एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची राहिली..."

मास्तरांनी चटकन बटण दाबून तो आवाज बंद केला. पुढे काय होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि ऐकायची छातीही होत नव्हती. एवढंच कळत होतं की म्हातारीने काहीतरी बजावलं होतं, आणि त्यांनी ते न ऐकता बरं बरं म्हणून टाकलं होतं.

दुसरंही एक त्यांना कळलं. त्या म्हातारीचा आवाज जगात आता या एकाच ठिकाणी शिल्लक असावा. शिवाय हा निरोप इथे आहे हे दुकानात आणि दुकानाबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारीला असेल, पण म्हातारी बोलणार कशी?

त्यांनी निरोपावर बोट दाबून धरलं. पुसून टाकायचं का, असं फोनने विचारलं. मास्तरांचा अंगठा त्या अक्षरांवर येऊन थांबला.

"सापडली का तारीख?" मागून मावशीने विचारलं.

४

मास्तरांनी फोन खिशात टाकला. निरोप पुसला नव्हता, पण दाखवलाही नाही. "परवा कळवलं," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

मावशीने त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग आपला फोन त्यांच्या हातात दिला. "तुम्ही तरी बघा हो मास्तर. या दोघांना काही सापडेना. टच अडकतोय हे नक्की."

मास्तरांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. बोटं सवयीने फिरली. "काही नाही झालेलं," म्हणून त्यांनी फोन परत केला, आणि मावशीने तो पडदा न बघताच पर्समध्ये ठेवला.

माणसाच्या मनात आपलं पाप सलायला लागलं की त्याला दुसऱ्याचं पाप फार स्पष्ट दिसायला लागतं. मास्तर तरातरा मागच्या खोलीत गेले. ते सॉफ्टवेअर काढून टाक म्हणून सांगितलं होतं की नाही, मागच्या वेळी माफ केलं ते चुकलंच, खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही, मघापासून मान वर करत नाहीस, असं सगळं ते सगळ्यांदेखत बोलले. बोलत असताना खिशातला फोन मांडीला लागत होता. त्यांना तो निखाऱ्यासारखा जाणवत होता आणि तरी तोंड थांबत नव्हतं.

भिंगाने उलट उत्तर दिलं नाही. तो मास्तरांच्या पहिल्या वर्गातला विद्यार्थी. मास्तर म्हणतात म्हणजे आपल्याच हातून काही झालं असेल, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं. तो संगणकाकडे बघत म्हणाला, "काल मी ते उघडलं होतं खरं. दुसऱ्या फोनसाठी. हा फोन शेजारीच पडला होता. चुकून वायर याला लागली असेल का, आता मला सांगता येत नाही." मग त्याने कपाळावरचं भिंग काढलं. तिथली कातडी गोरी राहिली होती. भिंग त्याने टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, तुमचं नुकसान मी भरून देऊ शकत नाही. उद्यापासून मी येत नाही, मास्तर."

लेक काउंटरपासून उठून आत आली होती. तिने भिंगाकडे पाहिलं आणि तिला त्याचा रागही धड येईना. "मी पाडला नसता तर हे झालंच नसतं," ती म्हणाली.

वहिनी पदर तोंडाला लावून मुळूमुळू रडायला लागल्या. का, ते कोणालाच कळेना. मास्तरांनी खिशावर हात दाबून धरला.

"थांबा सगळे," मावशी म्हणाली. "भिंग घाला परत. हे काम तुमचं नाही."

५

मावशीने पर्समधून आपला फोन काढला आणि काउंटरच्या काचेवर मधोमध ठेवला. पडद्यावर लिहिलं होतं: चुकीचा कोड. पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा.

"हा माझा फोन. आल्यापासून मी तो तुम्हा तिघांच्या हातात दिला. टच बघा म्हटलं, आकडे दाबा असं एकालाही म्हटलं नव्हतं. पण तिघांनीही तेच केलं. कुलपाच्या पडद्यावर एकापासून शून्यापर्यंत सगळे आकडे टकाटक दाबले. तुमच्याकडे फोन तपासायचा म्हणजे तेच, नाही का मास्तर?"

मास्तरांनी मान हलवली. कोड नसला की तेच करायचं असतं. सगळा पडदा त्या दहा आकड्यांत येतो. ते त्यांनीच शिकवलेलं होतं.

"तुम्हाला वाटतं, आपण पडदा तपासतोय. फोनला काय वाटतं? चार आकडे दाबले की त्याच्या लेखी तो एक कोड झाला. चुकीचा कोड. तुमची एक फेरी झाली की दोन चुका त्याच्या खाती लागतात, आणि बरोबर कोड पडेपर्यंत तो त्या विसरत नाही. माझा फोन तिघांच्या फेऱ्यांनी नुसता रुसलाय. पण फोनला आणखी एक कडक कुलूप लावता येतं. चोराच्या हाती काही लागू नये म्हणून. ठाऊक आहे ना ते?"

"दहा चुका झाल्या की आतलं सगळं पुसून टाकतो," भिंग अगदी हळू म्हणाला. "पण लावतं कोण ते? एवढ्या वर्षांत माझ्यासमोर असा एक फोन आलेला नाही."

"इंटरनेटवर प्रत ठेवायला तयार नसलेली, पोटच्या पोरीलाही कोड न सांगणारी बाई लावेल," मावशी म्हणाली. "आता मोजा. घेताना वहिनींनी बोटं फिरवली. भाव सांगायला मास्तरांकडे गेला, मास्तरांनी फिरवली. पडदा आल्यावर भिंगांनी फिरवली, आणि तोवर फोन थोडं थांबा म्हणायला लागला होता. तो रुसवा नव्हता, इशारा होता. मग पुन्हा मास्तर. त्यांनाही त्याने थांबायला सांगितलं असणार."

तासाभराने प्रयत्न करा. मास्तरांना ते अक्षर न अक्षर आठवलं. पडद्याचा रंग किती छान उठलाय, एवढंच तेव्हा त्यांनी पाहिलं होतं.

"आणि शेवटी पुन्हा वहिनी," मावशी म्हणाली. "हातसुद्धा लावला नाही म्हणालात. पण तुमच्या दुकानात हात बदलला की बोटं फिरतात. मग तुम्ही एकट्याच का नियम मोडाल?"

वहिनींनी पदर खाली घेतला. "आज सकाळी डबीत घालताना फिरवली. आणि तो एकदम काळा झाला. मग आपोआप चालू झाला, मला वाटलं बॅटरी गेली असेल. भावोजी ओरडतील म्हणून झाकून ठेवला." एवढं सांगून त्यांना हलकं वाटलं असावं, कारण त्यांचं रडणं थांबलं.

कोणा एकाच्या हातून दहा चुका झालेल्या नव्हत्या. प्रत्येकाने दर वेळी इमानेइतबारे दोनच चुका केल्या होत्या आणि फोन पुढे दिला होता.

मावशीने चष्मा काढून पुसला. कोडं सुटल्याचा आनंद तिच्या तोंडावर नव्हता. "म्हणजे गुन्हेगार असा कोणीच नाही. चूक म्हणायचीच तर आमच्या बाईसाहेबांची. असलं कुलूप लावलं तर सांगायला नको का कोणाला? दोन वाक्यं बोलली असती तरी पुरे होतं."

"मग आता तिला काय सांगू मी?" लेक म्हणाली. "की तुझ्यामुळेच गेलं? ती उलट बोलूसुद्धा शकणार नाही, मावशी."

मास्तर सुटले होते. वहिनी सुटल्या होत्या, भिंग सुटला होता. सगळा दोष एका बाईच्या माथी गेला होता आणि तिला जीभ असून आवाज नव्हता. तिचा आवाज मास्तरांच्या खिशात होता.

६

"तिने सांगितलं होतं," मास्तर म्हणाले.

त्यांनी दुकानाचा फोन काउंटरवर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"मी त्या फुटक्या फोनची मालकीण बोलतेय. सकाळी माझी लेक देऊन गेली ना, तो. एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची राहिली. लेकीलाही ठाऊक नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. त्या फोनला मी दहा चुकांचं कुलूप लावलंय. कोड दहादा चुकला की सगळं पुसतं. तेव्हा आकड्यांशी उगाच चाळा करू नका, आणि दुकानातल्या सगळ्यांना सांगून ठेवा." इथे खोकल्याची उबळ आली. "शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा फोन मागून घेतलाय, त्यांना झोपायचंय. पण अजून एक. उद्या सकाळी माझा आवाज काढून घेणार आहेत. बोलायचा हा शेवटचा दिवस, आणि तो मी तुमच्यासारख्या अनोळखी माणसावर खर्च करतेय, तेव्हा नीट ऐका. फोन न्यायला माझी चिमणी येईल. ती उन्हातून अशीच धावत येईल, डोक्यावर काही न घेता. वेंधळी आहे पहिल्यापासून. तिला आधी पाणी विचारा, मग फोन द्या. चिमणे, चिमणे करून थकले मी आयुष्यभर. बरं, ठेवते. ऐकलंत ना?"

निरोप संपला. त्याच्या खाली, ऐकलंत ना याला उत्तर म्हणून, मास्तरांचा अंगठा उभा होता.

लेकीने तो पाहिला. तिने दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली. मास्तरांचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. पाटी दाखवणारा तोच हात, अंगठा पाठवणारा तोच हात, आणि मघाशी दोष दुसऱ्याच्या अंगावर ढकलून मोकळा झालेलाही तोच. मास्तरांना तो खिशात घालावासा वाटला. त्यांनी तसं केलं नाही. टेबलावरचं भिंग उचलून त्यांनी भिंगाच्या हातात दिलं आणि त्याच्याकडे बघून सांगितलं, की मघाशी मी बोललो तेव्हा हा निरोप माझ्या खिशात होता. भिंगाने ऐकून घेतलं. पण हातातलं भिंग त्याने लगेच कपाळाला चढवलं नाही.

मग मास्तर आत गेले आणि पेलाभर पाणी घेऊन आले. लेकीपुढे ठेवलं. तिने ते तसंच राहू दिलं.

"उद्या मी येतो," मास्तर म्हणाले. "आईंना मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. म्हातारी खिडकीत उशीला टेकून बसली होती, गळ्याला पांढरी पट्टी. मावशी पायथ्याशी, लेक दाराशी. मास्तरांनी बसायला नकार दिला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, अंगठ्यापर्यंत सगळं. काही गाळलं नाही. म्हातारीचे डोळे त्यांच्यावरून हलले नाहीत. सांगून झाल्यावर तिने हात पुढे केला.

मास्तरांनी दुकानाचा फोन तिच्या तळहातावर ठेवला आणि निरोप लावून दिला. तिने आपला आवाज ऐकला. मध्येच, खोकल्याच्या जागी, तिचा हात गळ्याशी गेला. चिमणे म्हणून हाक आली तेव्हा दाराशी लेकीने तोंड फिरवलं. शेवटी फोनने विचारलं, ऐकलंत ना? आणि म्हातारीने मान वर करून मास्तरांकडे पाहिलं. उत्तर मिळेपर्यंत ती पाहत राहिली.

"ऐकलं," मास्तर म्हणाले.

म्हातारीने फोन बंद केला नाही. तो तिने लेकीकडे दिला, जपून, दोन्ही हातांनी. मग मास्तरांकडे बोट दाखवलं, खिडकीबाहेरच्या उन्हाकडे दाखवलं, आणि लेकीला पेला उचलल्याची खूण केली.

लेक पाणी घेऊन आली. मास्तरांनी पेला तोंडाला लावला. सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या, म्हणून त्यांनी तो खाली ठेवला नाही. घोट मात्र काही केल्या गळ्याखाली उतरत नव्हता.